बोटभर उंची

१

बांगड्या चार होत्या, जुन्या घडणीच्या, हाताला जड. त्या घालणारीला जाऊन सहा वर्षं झाली होती. रविवारी सकाळी तिच्या थोरल्या मुलाने आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडलं, मधल्या कप्प्यात शालींच्या मागे हात घातला आणि हात तसाच रिकामा बाहेर आला. त्याने शाली काढून झटकल्या, खालचे दोन्ही कप्पे जमिनीवर ओतले. मग त्याची नजर त्याच जमिनीवर गेली. दोन दिवसांपूर्वी घातलेलं कोरं विनाइल, लाकडाच्या रंगाचं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध. त्याने फोन लावला तो थेट बाईंना.

बाईंचा फरशीकामाचा धंदा. नवरा गेल्यापासून एकहाती चालवलेला. चौथीच्या पुढे शाळा पाहिली नव्हती, पण खोलीत अनवाणी चार पावलं टाकली की उतार कुठे पळतोय ते त्यांच्या तळपायाला कळायचं. आता गुडघ्यांनी हात टेकले होते. वाकायचं काम सून करायची आणि बोलायचं काम बाई करायच्या, आणि हे दुसरं काम त्यांनी अजून कुणावर सोपवलं नव्हतं. नवऱ्याची पाणसळ, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली लांब पट्टी, तीही त्यांच्याच पिशवीत असायची. सुनेला लागली की मागून घ्यायची, काम झालं की परत द्यायची.

दोन जिने चढून बाई वर पोचल्या तेव्हा त्यांना आधी दम लागला, मग राग आला. सुनेला त्यांच्या आधीच बोलावून घेतलं होतं आणि ती भिंतीशी, शाळेत उभं करतात तशी, उभी होती.

हे काम घेतलं होतं घड्याळवाल्या आजोबांसाठी. आजोबा म्हणजे थोरल्याचे वडील, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले. त्यांची आतली खोली बाहेरच्या खोलीपेक्षा बोटभर खाली होती. त्या बोटभर उंचीला त्यांचा वॉकर अडला, ते पडले आणि कंबरेचं हाड महिनाभर धरून बसले. जुनी फरशी फोडायची तर घरभर धूळ, आणि त्यांची छाती नाजूक. म्हणून बाईंनी सुचवलं, फोडायचं काही नाही. फरशीवरच लेव्हलिंगचा पातळ माल ओतून आतली खोली वर उचलू आणि दोन्ही खोल्यांवर एकच विनाइल अंथरू. मंगळवारी बाई स्वतः काठी घेऊन आल्या, एकेक फरशी ठोकून पोकळ आवाजाच्या तीन शोधून दिल्या, उंच्या मापल्या आणि घरी गेल्या. बुधवारी सुनेने माल ओतला. गुरुवारी खोली बंद ठेवून वाळवली. शुक्रवारी विनाइल, शनिवारी सुतारकाम आणि सामान जागेवर. सगळं ठरल्यासारखं झालं होतं.

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. गुरुवारी संध्याकाळी बांगड्या कपाटात होत्या, त्याच्या बहिणीने पाहिल्या होत्या. बहीण नर्स, बापाजवळ राहणारी. तिने मान हलवली. बाबांना थंडी वाजत होती म्हणून शाल काढायला गेले होते, म्हणाली, बांगड्यांचं गाठोडं मागे होतंच. गुरुवारनंतर त्या खोलीत दार लावून दोन दिवस काम कुणी केलं, तर बाईंच्या सुनेने.

"आणि लपवायला जागा शोधावीसुद्धा लागली नाही," थोरला म्हणाला. "वरून विनाइल टाकलं की झालं. उद्या पाचला येतो मी. तोपर्यंत बांगड्या मिळाल्या नाहीत, तर ही जमीन उखडायची आणि पोलिसात जायचं."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. बारा वर्षांत या पोरीने उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं आज बाईंना वाटत होतं की तिने द्यावं.  सुनेने बाईंची नजर चुकवली.

२

बाईंनी चपला काढल्या आणि खोलीभर फिरून घेतलं. तळपायांना कुठे काही लागलं नाही. दोन खोल्यांच्या मधल्या जागी त्या मुद्दाम डोळे मिटून गेल्या. पूर्वीची ती बोटभर पायरी आता शोधूनही सापडत नव्हती. जुन्या फरशांचे सांधेसुद्धा विनाइलवर उमटले नव्हते, आणि ते भल्याभल्यांच्या कामात उमटतात. सुनेने काम झकास केलं होतं. हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं आणि आजही सांगण्यासारखा दिवस नव्हता.

थोरल्याला त्यांनी समोर बसवून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. बापाच्या फोनवर ऑफिसातून उठून धावत यायचं, गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिलेला, एकदा आजोबा खालच्या गल्लीत चप्पल न घालता सापडलेले. त्याने चांगली संस्था बघून ठेवली होती, माणसं सांभाळणारी. बहीण ऐकत नव्हती. आता ही चोरी.

"म्हणजे चोरी झाली म्हणून वडलांना संस्थेत टाकायचं?" बाईंनी विचारलं.

"घरात कोण येतं, कोण जातं, यांना कळत नाही. उद्या याहून वाईट होईल."

ते खोटं नव्हतं, म्हणून बाईंना त्याचा जास्तच राग आला.

आजोबा स्वयंपाकघराच्या बाजूला खाटेवर बसले होते. बुधवारपासून त्यांना आतल्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं, ओली जमीन आणि वास म्हणून. शनिवारी संध्याकाळी ते पुन्हा आत गेले. त्यांनी खिशातून पिवळं फडकं काढलं. त्याला पितळी तारेचा बारीक फास होता. तो सावकाश सोडवून आतून चष्मा काढला आणि बाईंना पाहून हसले. बसा म्हणाले, जमीन छान झाली म्हणाले, आता अडखळत नाही. मग बाईंना विचारलं, काम कधी सुरू करणार.

बाईंनी सांगितलं, झालं काम. ते पुन्हा हसले. बांगड्यांचं विचारल्यावर मात्र एका दमात उत्तर आलं: कपाटात, मधल्या कप्प्यात, शालींच्या मागे, आणखी कुठे असणार.

"पण माझं घड्याळ बिघडवलंत," ते म्हणाले.

आतल्या खोलीत कोपऱ्यात त्यांचं उभं घड्याळ होतं, पुरुषभर उंचीचं, खाली लाकडी पेटी आणि पेटीत लोंबणारा लंबक. जुन्या फरशीला खिडकीकडे उतार होता म्हणून इतकी वर्षं त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असायची. मंगळवारी आजोबांनी स्वतः लंबक काढला, पेटीला कुलूप लावलं, मग घड्याळ बाहेर नेलं गेलं. शनिवारी सुनेने ते पुठ्ठ्याशिवाय जागेवर उभं केलं, संध्याकाळी आजोबांनी कुलूप काढून चाचपत लंबक अडकवला. दहा मिनिटं चाललं आणि थांबलं. पुन्हा चालवलं, पुन्हा थांबलं. पेटीची किल्ली आजोबांच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. ती ते अंघोळीलाही काढत नसत.

"यांनी जमीन नीट केली आणि घड्याळ मेलं," थोरला मागून म्हणाला. "हे असलं काम."

बाईंना हे झोंबलं. चोरीचा आळही बहुतेक इतका झोंबला नसता. त्या कोपऱ्याकडे वळणार, तेवढ्यात कपाटाच्या दारावर त्यांची नजर अडली. दार जमिनीपासून व्यवस्थित वर कापलेलं होतं, पण तिन्ही बिजागऱ्यांवरचा जुना रंग ताजा उडाला होता, खाली पांढरं लाकूड दिसत होतं.

दार कापायला बिजागऱ्यांची मधली खिळी कशाला ठोकून काढली? उघडं दार स्क्रू सोडवले की हातात येतं. खिळी काढावी लागते ती दार उघडत नसलं तरच.

३

घरी आल्यावर बाईंनी विचारलं, सुतार मंगळवारी यायचा होता, शनिवारी का आला. ती म्हणाली, त्याला जमलं नाही. मग दारं कधी काढलीस, यावर ती थापी घासत बसली. थापी आधीच लखलखीत होती.

 माणूस लपवतो तेव्हा कसा दिसतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जेवण बाजूला सारलं आणि सुताराकडे गेल्या.

सुताराला सगळे साडेनऊ म्हणायचे, कारण करवतीने त्याच्याकडे तेवढीच बोटं ठेवली होती. बाईंच्या नवऱ्याचा जुना दोस्त. रविवार असूनही तो दुकानात दरवाजाची चौकट रंधत होता. बाईंना पाहून त्याने रंधा खाली ठेवला आणि फळकूट पुसून दिलं.

"वहिनी, मी घेतलं असतं तर दहा बोटांनी घेतलं असतं," तो म्हणाला. "मला नाही जमायचं."

"थट्टा नको. बिजागऱ्यांचं सांग."

साडेनऊने मान खाजवली. पोरीला शब्द दिला होता म्हणाला. मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून शब्द मोडला.

जमीन वर उचलायची तर त्या जमिनीवरून फिरणारी सगळी दारं आधी काढायची, खालून कापायची, मग माल ओतायचा. हा क्रम बाईंच्या घरात लेकरांना चालायच्या आधी कळतो. मंगळवारी साडेनऊ आला नाही, दुसऱ्या कामात अडकला. खोलीचं दार सुनेने स्वतः काढलं. भिंतीतल्या कपाटाचं दार मात्र विसरली. त्याच्याखाली अर्ध्या बोटाची फट, आणि ओतायचा होता बोटभर माल. बुधवारी अर्धी खोली ओतून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. ओला माल थांबत नाही. तिने फोमची पट्टी दाराच्या खालच्या कडेला घट्ट चिकटवली, म्हणजे माल लाकडाला धरणार नाही, आणि ओतत पुढे गेली. माल वाळला तो दाराच्या कडेहून वर. बंद दार जमिनीतच रुतून बसलं.

"शनिवारी मला म्हणाली, काका, आईंना सांगू नका," साडेनऊ म्हणाला. "खिळीवर ऑइलपेंटचे तीन थर. छिन्नीने फोडली, तेव्हा दार सुटलं. पट्टी होती तशी होती. बुधवारपासून ते दार केसभर हललं नव्हतं, वहिनी. मी लिहून देतो."

बाईंना आधी रागच आला. दाराचा क्रम चुकला, आणि त्यांच्या सुनेचा. बाहेर कळलं असतं तर लोकांनी तोंडावर हसून घेतलं असतं. तिने नजर का चुकवली ते आता कळलं. बांगड्यांपायी नव्हे, बाईंपायी चुकवली होती. चोरीचा आळ डोक्यावर असताना पोर घाबरली होती ती सासूच्या जिभेला.

ते मनात शिरायला थोडा वेळ लागला. बाई फळकुटावर बसून राहिल्या. भुशाचा वास नाकात गेला आणि नवरा आठवला, तो असता तर म्हणाला असता, तू जरा कमी बोल. मग हळूहळू दुसरी गोष्ट समोर आली, आणि त्या उठल्याच.

बुधवारपासून शनिवारपर्यंत कपाट उघडतच नव्हतं. मग गुरुवारी संध्याकाळी नर्सताईने शाल काढली ती कुठून?

४

सोमवारी सकाळी बाई दवाखान्यात गेल्या. लांबलचक मार्गिकेत विनाइलच होतं, भिंतीपाशी वर वळवलेलं, आणि तिसऱ्या खोलीपुढे त्याला फुगा आला होता. घाईत चिकटवलेलं, बाईंनी मनात नोंद केली. नर्सताई कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. एक बूट पायात, एक हातात. रात्रपाळी करून आली होती आणि बूट काढायचा तिला कंटाळा आला होता. पाय सुजलेले.

बाई तिच्या शेजारी बसल्या. दोघींचे गुडघे एकदमच वाजले आणि दोघींनीही ऐकलं नाही असं केलं.

"त्या खोलीत तू गुरुवारी गेली नव्हतीस," बाई म्हणाल्या. "गेली असतीस तर तुला कळलं असतं की कपाट उघडत नाही. तुझ्या भावालाही ठाऊक नाही. मलाही काल कळलं."

नर्सताईने बूट खाली ठेवला. 

मग ती सांगत गेली आणि बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. मंगळवारी संध्याकाळी ती कपाट आवरायला गेली तेव्हाच गाठोडं नव्हतं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, कपाटात आहे, आणि मग विचारलं, आई अजून बाजारातून कशी आली नाही. तिने घर चाळून काढलं. पिठाचे डबे, गाद्या, बाबांच्या हत्यारांच्या पेट्या. सापडलं नाही. रविवारी दादाने कपाट उघडलं आणि बाबांकडे वळून पाहिलं. त्या बघण्यात संस्थेचं नाव होतं. तिच्या तोंडून गुरुवार निघून गेला. बुधवारपासून बाबा त्या खोलीत जाऊ शकत नव्हते. गुरुवारी बांगड्या जागेवर होत्या असं म्हटलं की बाबा सुटत होते.

"आणि माझी सून अडकत होती."

"तेवढा पुढचा विचार केला नाही, मावशी. मला वाटलं, कामाची माणसं, कुणीतरी, असं मोघम राहील. नंतर तोंडच उघडेना." तिने डोळे पुसले नाहीत, त्यातून काही आलंही नव्हतं. "मी आईला शब्द दिलाय. बाबा स्वतःच्या घरात राहतील म्हणून."

बाईंना तिचं थोबाड रंगवावंसं वाटत होतं आणि तिचे पाय चेपावेसेही वाटत होते. दोन्ही केलं नाही. त्यांनी सांगितलं, पाचला तू सगळं कबूल करायचं, माझ्या सुनेची माफी मागायची, आणि या आठवड्यात बापाला डॉक्टरला दाखवायचं. नर्स असून घरचं दुखणं पदराखाली झाकतेस, लाज वाटू दे. नर्सताईने प्रत्येकाला हो म्हटलं.

"पण बांगड्या कुठे आहेत, मावशी? त्या नाही मिळाल्या तर दादा माझंही खरं मानणार नाही. म्हणेल, आता हिला वाचवायला बोलतेय."

तेवढं मात्र खरं होतं. बाई जिना उतरताना तोच विचार करत होत्या. म्हातारा माणूस मंगळवारी घरात एकटा, परकी माणसं खोली रिकामी करायला येणार, गाठोडं सुरक्षित जागी ठेवायचं. घड्याळजीच्या घरात सुरक्षित जागा कुठली?

शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय थबकला. जमीन सरळ. मग घड्याळ का थांबलं?

५

पाचला सगळे आतल्या खोलीत होते. थोरल्याच्या हातात तक्रारीचा टाइप केलेला कागद होता. नर्सताई झोपलेली दिसत नव्हती. साडेनऊ दाराशी होता, साक्षीला बोलावला होता. सून पुन्हा त्याच भिंतीशी. आजोबा खुर्चीवर, फडक्याने चष्मा पुसत.

बाईंनी पिशवीतून पाणसळ काढली आणि आधी जमिनीवर ठेवली, आडवी, मग उभी. थोरल्याला वाकून बघायला लावलं. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध, हलायचं नाव नाही. मग पाणसळ साडेनऊकडून घड्याळाच्या माथ्यावर ठेववली. तिथेही मधोमध. मग पेटीच्या कडेला ओळंबा सोडला, दोरी लाकडाला समांतर.

"साहेब, तुम्ही काल म्हणालात, आमच्या जमिनीने घड्याळ मारलं. जमीन सरळ आहे. घड्याळ सरळ उभं आहे. लंबक यांनी लावलाय, आणि त्या हाताने उभ्या गावाची घड्याळं चालवली. मग थांबतं का?"

थोरल्याने खांदे उडवले.

"कारण लंबकाला आत काहीतरी अडतंय," बाई म्हणाल्या. "आजोबा, किल्ली द्या बघू."

आजोबांनी दोरा गळ्यातून काढायला थोडा वेळ घेतला. नर्सताईने मदत केली.  पेटीचं दार उघडलं. बाईंना वाकता येईना, म्हणून सुनेला म्हणाल्या, बघ गं, खाली बघ. सून गुडघ्यांवर बसली, लंबकाखाली हात घातला, आणि तळाशी कोंबलेलं एक पिवळं गाठोडं बाहेर काढलं. त्याची वरची गाठ लंबकाच्या घासण्याने काळी पडली होती. गाठीला पितळी तारेचा बारीक फास होता.

गाठोडं सोडलं तेव्हा बांगड्या एकमेकींवर वाजल्या. चारही.

 आजोबा गाठोड्याकडे बघत होते. मग त्या तारेच्या फासाकडे. मग स्वतःच्या हातातल्या फडक्याकडे. बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू येताना पाहिलं: हा फास माझा आहे, आणि मला आठवत नाही. कालपासून ते हसत होते, ते हसू पुसलं गेलं. त्यांनी लेकाकडे पाहिलं, चोरून, शिक्षेची वाट बघणाऱ्यासारखं.

थोरलाही तिकडेच बघू लागला होता.

या क्षणासाठी बाईंकडे सगळं तयार होतं. दाराची गोष्ट, खिळीवरचा रंग, फोमची पट्टी, गुरुवारचं खोटं. क्रमाने सांगितलं असतं तर त्यांच्या सुनेचं नाव लखलखीत झालं असतं आणि त्यांच्या डोक्याची वाहवा झाली असती. नर्सताईने खाली मान घालून बोलायला श्वास घेतला. बाईंना उगाचच वाटलं, आणखी दहा वर्षांनी आपण अशा खुर्चीवर बसलो तर आपल्यासाठी कोण गुरुवार म्हणेल?

"मी ठेवलं," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मंगळवारी फरशी ठोकायला आले होते ना. कपाटात डोकावले, गाठोडं दिसलं. म्हटलं, माणसांची ये-जा होणार, असं उघड्यावर नको. घड्याळाची पेटी तेव्हा उघडीच होती, यांनी लंबक काढला होता. तिथलंच फडकं, तिथलीच तार. बांधलं आणि टाकलं आत. सांगायचं राहिलं." त्यांनी पदर खोचला. "विसरले. वय झालं."

थोरल्याने हातातला कागद खाली केला. "विसरलात," तो म्हणाला. "आणि काल इथे उभ्या राहून ऐकत होतात?"

"विसरले म्हटलं ना."

"मग या वयात दुसऱ्यांच्या घरात कामं घेऊ नयेत, बाई."

बाईंच्या जिभेवर आलेलं उत्तर फार सुंदर होतं. त्यांनी ते गिळलं. तीस वर्षांत त्यांनी गिळलेलं बहुधा ते पहिलंच.

"आणि ही गुरुवारी म्हणाली ते?" थोरला बहिणीकडे वळला.

"मी गुरुवारी कपाट उघडलंच नव्हतं, दादा." नर्सताईचा आवाज बसका होता. "मी खोटं बोलले. घाबरले होते. का, ते तुला सांगेन, आठवड्याभरात, बाबांना डॉक्टरकडे नेऊन आल्यावर. तेव्हा ओरड माझ्यावर." मग ती भिंतीशी गेली, सुनेसमोर उभी राहिली आणि हात जोडले. "तुमच्यावर आळ आला तो माझ्यामुळे. सगळ्यांदेखत माफी मागते."

सुनेला काय करावं कळेना. तिने ते जोडलेले हात धरून खाली केले.

थोरल्याने कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि खिशात कोंबला. आजोबा उठले. वॉकर सरळ घड्याळापर्यंत गेला, कुठे अडला नाही. त्यांनी लंबकाला बोटाने हलकेच ढकललं. टक. टक. सगळे उगाचच थांबून ऐकत राहिले. दहा मिनिटं झाली तरी चालूच होतं.

निरोप घेताना आजोबांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांना कितपत कळलं होतं ते बाईंना सांगता आलं नसतं. काम कधी सुरू करणार, असं मात्र त्यांनी विचारलं नाही.

६

दोन जिने उतरायला बाईंना चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. सून एक पायरी पुढे, हत्यारांची पिशवी खांद्याला, अधूनमधून मागे वळून बघत. रस्त्यावर ऑफिसं सुटली होती. दोघी बाजूबाजूने चालू लागल्या. बोलायचं काम बाईंचं होतं आणि त्या आज ते करत नव्हत्या.

कोपऱ्यावर सून थांबली.

"आई, मंगळवारी तुम्ही ते कपाट उघडलं नव्हतंत."

"कशावरून?"

"उघडलं असतंत तर दाराखालची फट तुमच्या नजरेतून सुटली नसती. तिथेच मला सोलून काढलं असतंत."

बाई काही पावलं तशाच गेल्या.

"दार आधी काढायचं," त्या म्हणाल्या. "मग माल ओतायचा."

"हो, आई."

"आणि पुन्हा चुकलं तर मला सांगायचं. साडेनऊला नाही."

"हो."

"सांधे उमटले नाहीत एकही," बाई म्हणाल्या, समोर रस्त्याकडे बघत. "मी बघितलं."

सुनेने नाक पुसलं, खांद्याच्या बाहीने.

पुढच्या दिव्यापाशी बाई पुन्हा थांबल्या, गुडघा धरून. मग त्यांनी स्वतःच्या पिशवीतून पाणसळ काढली आणि पुढे केली.

"ही तुझ्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या. "हल्ली जड लागते."